मेण लावलेली सायकल

शहाण्या माणसानं तयार सायकल विकत घ्यावी, चालवावी आणि पंक्चर झाली की नशिबाला बोल लावावा. हे मला ठाऊक होतं. तरीही त्या हिवाळ्यात तळघरात एक जुना सांगाडा सापडला आणि मी ठरवलं, ही सायकल आपण स्वतःच्या हातांनी उभी करायची. (त्या हातांनी तोवर नगरपालिकेचे शिक्के मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं.)

उन्हाळ्यापर्यंत सायकल आमच्या बैठकीच्या खोलीत राहायला आली. पुढे कॅरियर, मागे कॅरियर, दोन्ही चाकांवर चकचकीत मडगार्ड आणि कँटिलिव्हर ब्रेक. हे ब्रेक म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन चिमुकले हात असतात, केबल ओढली की ते रबरानं रिम आवळतात. ते जुळवताना मी सोफ्यावर ग्रीसचा असा डाग पाडला, की माझी बायको दार्या तो पाहुण्यांना माझं कर्तृत्व म्हणून दाखवायची.

"ही घरात राहणार की कोंबड्यांच्या खुराड्यात, एकदाचं ठरव," ती म्हणाली.

"खुराड्यात? कोंबड्या बिथरतील."

"मी बिथरलेय त्याचं काय?"

शेवटी पैज ठरली. जुलैत, प्रवाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत क्रिस्तोफरच्या रविवारी, टेकडीवरच्या चर्चपुढे गावातल्या सगळ्या गाड्या जमतात आणि पाद्रीबाबा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. दार्यानं भाजलेली पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव, मी पुढच्या कॅरियरवर बांधून चर्चपासून खाली सासऱ्यांच्या अंगणात न्यायची. अख्खी पोचली तर सायकल कायमची घरात. मोडली तर खुराड्यात.

माझे सासरे विंको मधमाश्या पाळतात. माझ्याविषयी त्यांचं मत साधं आहे. "आमच्या पोळ्यातले नर बरे. कामधाम काही नाही, पण शरद आला की माश्या त्यांना बाहेर तरी काढतात."

तेव्हा त्या दिवशी मला त्यांनाही दाखवून द्यायचं होतं. आशीर्वादाला गाडी घासूनपुसून न्यायची ही आमच्याकडची रीत. घरात सासऱ्यांच्याच पोळ्यांचं मेण होतं, कपाटं आम्ही त्यानंच चमकवतो. मी सांगाड्याला मेण चोळलं. मडगार्डना चोळलं, कॅरियरना चोळलं. मग हात थांबेना, म्हणून दोन्ही रिमनाही चोळलं. अगदी प्रेमानं. (तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.)

चढ मी सायकल ढकलतच चढलो, त्यामुळे ब्रेकशी गाठ पडली नाही. पाद्रीबाबांनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"बोश्त्यान, ही थांबते ना?"

"कँटिलिव्हर आहेत, फादर."

"असतील बापडे," म्हणत त्यांनी चाकांवर जरा जास्तच पाणी शिंपडलं.

पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला. ते चिमुकले हात आज्ञाधारकपणे पुढे आले, रबर रिमला टेकलं आणि मेणावरून मजेत घसरू लागलं. बघता बघता मी दार्याच्या मोटारीच्या बरोबरीला आलो.

"एवढी कसली घाई?" तिनं खिडकीतून विचारलं.

"ब्रेक लागत नाहीये."

"मग घंटी तरी वाजव."

मी घंटी वाजवली. पुढे अग्निशमन दलाचा बंब होता, त्याला मी मागे टाकलं, तेव्हा जवानांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच भीती वाटत होती. जिवाची थोडी आणि पोतित्साची फार.

सासऱ्यांचं फाटक पाहुण्यांसाठी सताड उघडं होतं. समोर जेवणाची टेबलं, डावीकडे मधमाश्यांच्या रंगीत पेट्या, उजवीकडे शेणखताचा ढीग. (आयुष्यात निवड करायची वेळ आली की माझ्यासमोर नेहमी असलेच पर्याय येतात.) मी उजवीकडे वळलो. पुढचं चाक ढिगात रुतलं आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी तेवढा पुढे गेलो.

सासरे लगबगीनं आले ते सायकलीकडे. कॅरियरचा पट्टा सोडून त्यांनी पोतित्सावरचं फडकं उचललं. पोतित्साला साधी चीरही गेली नव्हती.

"कॅरियर झकास बसवलंय," ते म्हणाले. मग रिमवर बोट फिरवून त्यांनी वास घेतला. "मेण माझंच ना?"

"हो, बाबा," मी ढिगातून म्हणालो.

"तरीच. चांगल्या मेणावरूनच इतकं घसरायला होतं. जावईबापू, ब्रेक लागतो तिथं मेण लावणारा या दरीत तुमच्याआधी कुणी झाला नाही."

दार्या शब्दाची पक्की. तिनं सायकल स्वतः धुतली, पुसली आणि कायमची घरात उभी केली. मी तीनदा आंघोळ करूनही वास जाईना, तेव्हा तिनं माझी गादी उचलून खुराड्यापाशी टाकली.

"अगं, मी पैज जिंकलोय," मी म्हणालो.

"पैज सायकलीची होती," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जुलै नुकता कुठे सरत होता. पोळ्यातल्या नरांनासुद्धा शरदापर्यंत मुदत असते.