कुटुंबात कोण कोण येतं

चित्रपट दोन प्रकारचे असतात. एक चालतात, आणि दुसऱ्यांबद्दल नंतर 'काळाच्या पुढे होता हो' असं म्हणतात. या दोहोंत नेमका फरक काय, हा प्रश्न मानवजातीला कधी पडला नाही. तो आमच्या मालकीणबाईंना पडला, आणि पगार मानवजात देत नसून बाई देतात. त्यातून 'संगणकीय कौटुंबिक चित्रपट तुलना विभाग' जन्माला आला. मी तिथे उपतुलनाकार आहे. (मुख्य तुलनाकाराची जागा रिकामी आहे. आलेल्या उमेदवारांची तुलना चालू आहे.)

आमची कंपनी संगणकावर चित्रपट बनवते. त्यात प्राणी बोलतात, भांडी बोलतात, नाइलाज झाला तर माणसंही बोलतात. वरच्या मजल्यावर शेकडो संगणक एकेका सशाचा एकेक केस रंगवत असतात आणि तळमजल्यावर आम्ही बसतो. चाललेले आणि पडलेले चित्रपट शेजारी शेजारी ठेवायचे आणि चाललेला का चालला ते सांगायचं, एवढंच आमचं काम. विभागाचे सुरुवातीचे शोध आजही प्रमाण मानले जातात. पात्राचे डोळे चेहऱ्याच्या चाळीस टक्के असावेत. त्याहून मोठे केले तर मेंदूला जागा उरत नाही आणि पात्र निर्मात्यासारखं वागू लागतं. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी प्रेमळ माणूस जावा, पण जाण्याआधी त्याचं एक गाणं उरकलेलं असावं. खलनायकाची मान लांब असावी. (आखूड मानेच्या माणसाची लोकांना दया येते. आमच्या हिशेबनीसांची मान आखूड आहे आणि त्यांची सगळ्यांना दया येते.)

विभाग सुरू झाला त्या दिवशी बाईंनी एकच नियम घालून दिला. कौटुंबिक चित्रपट कुणीही एकट्याने पाहायचा नाही, कुटुंबासह पाहायचा. एवढं बोलून त्या वर गेल्या आणि अंमलबजावणी मुख्य लिपिकांकडे आली.

मुख्य लिपिक जुन्या वळणाचे गृहस्थ. ते बायकोला जन्मात बायको म्हणालेले नाहीत. आमचं कुटुंब माहेरी गेलंय, आमच्या कुटुंबाला पंख्याचा वारा सोसत नाही, आमच्या कुटुंबाने परवा नवा चष्मा घेतला, असं त्यांचं बोलणं. त्यांनी नियम आपल्या भाषेत समजून घेतला आणि प्रत्येक अधिकाऱ्यामागे दोन खुर्च्या मांडल्या. एक त्याची, दुसरी त्याच्या कुटुंबाची. मुलं आत घुसू नयेत म्हणून दारावर शिपाई बसवला. (विभागात एक बाई अधिकारी आहेत. नवऱ्याला कुटुंब म्हणत नाहीत, हे मुख्य लिपिकांनी त्यांना समजावून सांगितल्यापासून त्या दुसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवतात.)

अशा रीतीने आम्ही वर्षानुवर्षं लहान मुलांचे चित्रपट नवरा-बायको मिळून पाहत आलो. कामात कुचराई म्हणून केली नाही. या काळातला आमचा सर्वांत मोठा शोध म्हणजे कोपर-निर्देशांक. पडद्यावर एखादा प्रसंग आला की शेजारचं कुटुंब आपल्याला कोपराने ढोसतं आणि 'बघ, अगदी तुझ्यासारखा' म्हणतं. दर तासाला असे किती कोपर बसले, ते मोजायचं. ज्या चित्रपटात जास्त कोपर, तो चालणार, असा आमचा सिद्धान्त. वरच्या मजल्याने तो मान्य केला आणि त्याबरहुकूम तीन चित्रपट काढले. पहिल्यात एक अस्वल ओला टॉवेल गादीवर टाकतं. दुसऱ्यात एक पेंग्विन रस्ता चुकतो पण कुणाला विचारत नाही. तिसऱ्यात एक हत्ती 'काय झालं?' विचारतो, 'काही नाही' असं उत्तर मिळतं आणि तो ते खरं मानून झोपतो.

टॉवेलच्या प्रसंगाला सगळ्या आयांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुलांनी पॉपकॉर्न मोजले. तिन्ही चित्रपट साफ आपटले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण या अहवालात ती परिशिष्ट म्हणून जोडली आहे. मला आठ वर्षांची मुलगी आहे. तिला घरी टिकली म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. बाप दिवसभर सशांचे आणि अस्वलांचे सिनेमे बघतो आणि आपल्याला एकदाही नेत नाही, हे तिला काही केल्या पटेना. रोज सकाळी मी बूट घालताना ती समोर उभी राहून विचारायची, आज येऊ का? मी तिला वेगवेगळी कारणं दिली. शेवटी कारणं संपली, आणि मी सरकारी नसलो तरी प्रामाणिक माणूस असल्यामुळे खरं ते सांगितलं. म्हटलं, बाळा, नियमाप्रमाणे तू कुटुंबात येत नाहीस.

टिकली रडली नाही, भांडली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि तिने विचारलं, "आई, मग मी कशात येते?"

त्या दिवशी मला डबा मिळाला नाही. त्यानंतर टिकलीने विचारणंही बंद केलं. मी बूट घालत असताना ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. खरं सांगतो, ते मला फार लागलं. पण कोपर-निर्देशांकात ते कुठे मांडावं हे कळेना, म्हणून कुठेच मांडलं नाही.

तीन चित्रपट आपटल्यावर बाई स्वतः तळमजल्यावर उतरल्या. वर दोन नवे चित्रपट तयार होते. एक हरवलेल्या डाव्या मोज्याचा, दुसरा उंचीला घाबरणाऱ्या लिफ्टचा. प्रदर्शनाचे पैसे एकालाच पुरणार होते. कोणता निवडायचा ते सांगा, आणि तोही पडला तर विभागाला टाळं, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. आम्ही कोपरांचे आलेख मांडले. बाईंनी ते पाहिले, उलटे धरून पुन्हा पाहिले, आणि विचारलं की यात मुलांचं मत कोणतं.

सगळे मुख्य लिपिकांकडे बघू लागले.

"मुलांचं नाही, बाई," ते म्हणाले. "कुटुंबाचं आहे."

"मग मुलं कोण?"

"मुलं ती मुलं."

बाईंनी आलेख गुंडाळून मुख्य लिपिकांच्या हातात दिले. मग त्यांनी एक मूल हजर करण्याचा हुकूम दिला. घरी तयार मूल माझंच होतं.

टिकली आली. बायकोने तिला इस्त्रीचा फ्रॉक घातला होता आणि मला बजावून ठेवलं होतं की आज पोरीला काही वेडंवाकडं बोललास तर माझ्याशी गाठ आहे. खुर्ची मोठी पडली म्हणून खाली दोन उशा दिल्या. त्याआधी दारात शिपायाने सवयीने तिला अडवलं होतं, मग माफी मागितली. मी तिच्या शेजारी बसलो. दोन्ही चित्रपट ओळीने दाखवले. सगळा विभाग मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि तिने अख्ख्या वेळात पडद्याकडे फारसं पाहिलंच नाही.

दिवे लागल्यावर बाईंनी तिला कोणता आवडला ते विचारलं.

"लिफ्टचा," टिकली म्हणाली. "मोज्याच्या वेळी बाबा झोपला. लिफ्टच्या वेळी बाबा जागा होता आणि रडला."

(मी रडलो नाही. लिफ्ट पहिल्यांदा गच्चीवर पोचते तेव्हा माझ्या डोळ्यांत कचरा गेला. वातानुकूलन जुनं आहे.)

विभागात नवं पर्व सुरू झालं. आम्ही आणखी मुलं बसवली. निष्कर्ष सगळीकडे तोच: मूल चित्रपट पाहत नाही, शेजारच्या खुर्चीत काय चाललंय ते पाहतं. ती खुर्ची हसली की चित्रपट विनोदी. तेव्हा हिशेबनीसांनी आखूड मान वर करून सुचवलं की मग चित्राचा खर्च हवाच कशाला? विचार तर्कशुद्ध होता. लिफ्टही बाजूला ठेवली आणि एका थिएटरात नव्वद मिनिटांचा कोरा पांढरा पडदा लावला. पहिली काही मिनिटं मुलं भलतीच खूश होती. मग एका बापाने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने फोन काढला, तिसरा गाडी नीट लावलीय का ते बघायला गेला आणि परतलाच नाही. मध्यंतरापर्यंत आया बापांना शोधायला गेल्या आणि खुर्च्यांवर नुसती मुलं आणि पर्सा होत्या.

हाच आमच्या विभागाचा अंतिम शोध. चित्रं, गाणी, सशाचे लाखभर केस, हे सगळं मुलांसाठी नसतं. बापाला दीड तास जागेवर बसवून ठेवायला तेवढा खर्च येतो.

शेवटी लिफ्टच प्रदर्शित झाली, बरी चालली आणि विभाग वाचला. कुटुंबाची व्याख्याही सुधारली. ती अशी: कुटुंब म्हणजे मुलं, आई, आणि उपलब्ध असल्यास वडील. मुख्य लिपिकांनी ती ठळक अक्षरांत दारावर लावली आणि टिकलीने पाठ केली. आत्ता मी घरी बसून हा अहवाल लिहितोय, तर ती दारात येऊन विचारते आहे, "बाबा, उपलब्ध आहेस का?" मी म्हटलं, दोन मिनिटं, एवढं संपवतो.

हसू नका. हे वाचत असताना तुम्हालाही आतल्या खोलीतून एक हाक आली होती, आणि तुम्ही मान वर न करता नुसतं 'हं' म्हणालात. आमचा विभाग वाचकाला काही विचारत नाही. आम्ही शेजारच्या खुर्चीला विचारतो.