फिरत्या घराला हो की नाही

मेहुण्याच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे ग्रंथपालांना रोज दात घासताना आठवायचं. पत्र साधं होतं. "माझं फिरतं घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक तयार आहे, पण अक्काचा जीव या जुन्या गाडीत अडकलाय. तुम्ही घेता का? हो की नाही, एवढंच लिहा." नेमकं तेवढंच निवृत्त ग्रंथपालांना जमत नव्हतं. एक मसुदा उतावळा वाटला, दुसरा कोरडा, आणि पुढच्यात प्रस्तावनाच इतकी लांबली की मूळ विषयाला कागद उरला नाही.

शेवटी मेहुणा गाडीच घेऊन दारात हजर झाला.

"भावजी, तुमचं पत्र काही येईना, म्हटलं आपणच जावं. रविवारपर्यंत राहून बघा. नको असेल तर ते गिऱ्हाईक आहेच."

गाडी ग्रंथपालांच्याच वयाची वाटत होती, पण त्यांच्यापेक्षा ठाकठीक. वरून सायीच्या रंगाची, खालून शेवाळी. आत पितळी खिट्ट्यांची कपाटं, भिंतीत मिटणारं टेबल, रात्री पलंग होणारा बाक, दोन कपांपुरतं बेसिन. बोटभर जागा कुठे वाया गेलेली नव्हती. इतकी नेटकी मांडणी त्यांनी आजवर फक्त चांगल्या शब्दकोशात पाहिली होती.

अक्कानं, म्हणजे ग्रंथपालांच्या बायकोनं, एकेक खण उघडला आणि हलकेच मिटला. निवृत्त होईपर्यंत ती रुग्णवाहिका चालवत असे. "जन्मभर भोंगा वाजवत इस्पितळाच्या एकाच दारात जाऊन थांबले," ती म्हणाली. "वाटेत काय काय होतं, कधी बघितलंच नाही. आता सावकाश जायचंय हो. पोचायची घाई नको."

"अगं, पण वाटेत बंद पडली तर?"

"तर तिथंच राहू. घर बरोबरच आहे की!"

बहीण-भाऊ बाजारात गेल्यावर ग्रंथपालांनी राहून बघायची तयारी सुरू केली. अगदी गरजेचीच पुस्तकं न्यायची, असं त्यांनी ठरवलं. आता विश्वकोशाचा एकच खंड उचलून बाकीच्या भावंडांना मागं ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. मग प्रवासवर्णनं घेतली, कारण प्रवासाला जायचं होतं. मग पक्ष्यांवरची, कारण पक्षी दिसणार. मग आजारांवरची, कारण ते स्वतः बरोबर असणार. सगळी मागच्या कपाटांत विषयवार लावून झाली आणि ते कौतुकानं बघत उभे राहिले. तेवढ्यात गाडीनं एक उसासा टाकला आणि तिचं बूड खालच्या गतिरोधकावर टेकलं.

गतिरोधक शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या फाटकासमोर होता आणि त्यांची मोटार आत अडकली होती.

"काका, जरा पुढं घ्या ना! दवाखान्यात माणूस तोंड उघडून बसलाय माझा!"

बाजारातून परतलेल्या मेहुण्यानं गाडी चालू केली. ती नुसतीच करकरली.

"भावजी, मागं कोण बसलंय?"

"कोणी नाही. विश्वकोश आहे."

मेहुण्यानं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. बायकोनं मात्र आवाज चढवला नाही. भावाला ती हळूच म्हणाली, "कळव त्या गिऱ्हाइकाला. यांना घर सोडवत नाही रे. कुठून निघणार आम्ही?"

हे ग्रंथपालांनी ऐकलं. ते गाडीत शिरले आणि त्यांनी पहिल्यांदा विश्वकोशच उचलला. डॉक्टरांनी हात पुढे केले. पक्ष्यांवरचं पुस्तक हातात येताच ते कुंपणाच्या कट्ट्यावर टेकले.

"डॉक्टर, तुमचा माणूस!" मेहुणा ओरडला.

"एवढं घुबड संपवतो आणि निघतो."

कपाटं रिकामी झाली तशी गाडी वर आली. ती फाटकापासून बाजूला घ्यायला बायको चालकाच्या जागी बसली. शेवटचं पुस्तक हातात घेऊन ग्रंथपाल तिच्या शेजारी टेकले. गाडी चार हात पुढे नेऊन थांबवायची होती. बायकोनं ती कोपऱ्यावर वळवली. मग पुढच्याही कोपऱ्यावर. बेकरीसमोर तिनं वेग आणखी कमी केला, एका बाल्कनीतल्या फुलांकडे मान वळवून बघितलं आणि गुणगुणायला लागली. ग्रंथपाल तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण हिला गाडी चालवताना आपण कधी पाहिलंच नव्हतं! घराशी परतल्यावर त्यांचं मांडीवरच्या पुस्तकाकडे लक्ष गेलं. ते मिटलेलंच होतं. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"मग काय भावजी?" मेहुण्यानं विचारलं.

ग्रंथपाल घरात गेले आणि कार्ड घेऊन बाहेर आले. "चला, पोस्टाच्या पेटीपाशी."

"अहो, मी समोर उभा आहे! तोंडानं सांगा की!"

"पत्राचं उत्तर पत्रानंच द्यावं."

तिघं गाडीतूनच गेले. पेटीपाशी बायकोनं हात पुढे केला. "आधी बघू."

कार्डावर लिहिलं होतं, "हो." नवऱ्याला ओळखून असल्यामुळे तिनं मागच्या बाजूला कुठे 'बहुधा' आहे का, तेही तपासलं. नव्हतं.

"पण हे मला मिळणार मी घरी गेल्यावर," मेहुणा कुरकुरला. "आणि घरी जाऊ कसा? गाडी तर तुमची झाली!"

"सोडतो की आम्ही," बायको म्हणाली. "फक्त सावकाश हं."

आणि तिनं कार्ड पेटीत टाकलं.