ज्यूरीच्या कोठडीतील कबुतराचा बंदोबस्त

न्यायदेवता आंधळी खरी, परंतु कान शाबूत, म्हणोन तिचे द्वारी पहारा लागतो. त्या पहाऱ्याची हकीकत लिहितो, ती चित्त देऊन ऐकावी. लँकेशर प्रांती, कसबे थॉर्नली येथे, चर्चची घंटा चोरल्याचे खटल्यात बारा पंच मसलतीस कोंडिले, आणि दारावर अखंडसौभाग्यवती हेस्टरबाई क्लफ यांणी बायबलावर शपथ वाहिली की, बाहेरील शब्द आत नाही, आतील बाहेर नाही, आणि पंचांशी ‘एकमत झालं का’ याखेरीज आपण अक्षर बोलणार नाही. मागे एका पंचास क्रिकेटचा स्कोअर सांगितला म्हणोन बाईंस सख्त ताकीद होती. आता चूक झालिया पहाऱ्याचा काळा झगा उतरवून घरी बसणे होते, आणि झग्यावाचून कसब्यात त्यांस कुत्रे विचारीत नव्हते.

मग फोन जप्त जाहले, वर्तमानपत्रे जप्त जाहली, आणि बाई निश्चिंत बसल्या. तिसरे दिवशी आतून घुटर्र घूं ऐसा आवाज आला. दार उघडून पाहतात तो विल्फ्रेड ओग्डेन नामे पंच, शर्यतीच्या कबुतरांचा दर्दी, खिडकीशी उभा, आणि सँडविचच्या डब्यातून आणिलेले कबूतर हाती, आणि त्याचे पायास चिठ्ठी.

“अहो बाई, बायकोला कळवतोय फक्त, जेवायला थांबू नकोस म्हणून. तुमच्या मनाईत कबूतर कुठं आहे?”

“एकमत झालं का?” बाई गरजल्या. शपथेने दुसरे हत्यार ठेविले नव्हते.

“ह्याच्याशी? ह्या जन्मी नाही,” ब्रॅडशॉबाई नामे पंच म्हणाल्या. “आम्ही अकरा जण चोर म्हणतो, हा एकटा नाही म्हणतो.”

इतक्यात पक्षी निसटला, आणि बाईंनी झगा फेकून त्यास खिडकीत गिरफ्तार केले, आणि तैसाच न्यायाधीशांपुढे हजर केला. हुकूम जाहला की, पक्ष्याने मसलत ऐकिली आहे, सबब निकाल लागेतो त्यासही पंचांसमवेत कोंडावे.

मग कबुतराने मुलूखगिरी आरंभिली. पुराव्याचे कागद बाटविले, चहा बाटविला, आणि ब्रॅडशॉबाईंचे मस्तकी ठाणे घातले. विल्फ्रेड बोलिला की आपण उद्याही बसू.

“सुटू दे तो मेला घंटाचोर,” ब्रॅडशॉबाई म्हणाल्या, “पण आधी हे काढा.”

बाकी दहांनीही तीच री ओढिली, आणि एकमत जाहले. आरोपी निर्दोष सुटला, वकिलाचे गळा पडून रडला, आणि न्यायाधीशांनी वकिलाचे भाषणाची तारीफ केली. कोठडीतले वर्तमान पंचांनी वा पहाऱ्याने आमरण कोणास सांगू नये ऐसा कायदा. सांजेस नवऱ्याने पुसिले, “आज काय विशेष?”

“काही नाही,” हेस्टरबाई म्हणाल्या. “चहा टाका.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली, शपथ राहिली, नोकरी राहिली. बोलण्याची मनाई, म्हणोन ही हकीकत लिहून ठेविली.