अकरा सेकंदांची अशुद्धी

संगीत ऐकायला कान लागतात, हा समज आता मागे पडला आहे. कान काय, कोणालाही असतात. संगीत ऐकायला लागते ती पात्रता, आणि पात्रता ठरवायला मंडळ लागते.

अशाच एका विशुद्ध श्रवण मंडळाचे कार्यवाह म्हणजे आपले कानसेन. पोटापाण्यासाठी ते नकाशे काढायच्या कचेरीत होते, आणि हे नाव त्यांना तिथल्या सहकाऱ्यांनी ठेवलं होतं. ठेवलं थट्टेने, पण कानसेनांनी ते मानाने स्वीकारलं. (थट्टा ऐकू यायला बहुधा वेगळे स्पीकर लागतात.)

मंडळाचा कारभार चोख. गेल्या वर्षी बावन्न सभा झाल्या. फाईल लहान केली की आवाजाचा आत्मा जातो की नुसता जीव जातो, यावर एकूण एकशे तीस तास चर्चा झाली. पूर्ण वाजलेली गाणी दोन; त्यातलं एक रिमोट सापडेना म्हणून. एकदा मंडळाने पडद्याआडून परीक्षाही घेतली. मागे लहान केलेली एमपीथ्री वाजतेय की अस्सल मोठी फाईल, हे नुसत्या कानांनी ओळखायचं. नऊपैकी आठ सभासदांनी एमपीथ्रीला उभं राहून दाद दिली. नववे झोपले होते. तेव्हा पडद्यामुळे आवाजाची प्रत बदलते, असा ठराव एकमताने झाला आणि पडदा धुवायला टाकण्यात आला.

कानसेनांच्या घरातली बाहेरची खोली या कार्याला वाहिलेली होती. घड्याळ टिकटिक करतं म्हणून ते स्वयंपाकघरात गेलं. वायरींना फरशीचा गारवा बाधतो म्हणून त्या लाकडी ठोकळ्यांवर निजवल्या होत्या. मधोमध एकच खुर्ची, कारण आवाज तिथेच खरा ऐकू येतो. बाकीच्या जागी जे ऐकू येतं ती अफवा. बायको चहा घेऊन यायची ती ठोकळे ओलांडत, कप सांभाळत. "अहो, माणसाने बसायचं कुठे?" असं तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं. पुढे विचारणं सोडून दिलं.

एके दिवशी कानसेनांची थोरली बहीण, ताई, रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या कानसेनांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून त्यावर एक गाणं घेतलं होतं. दुसरं कडवं संपता संपता आई खोलीत येऊन ताईला म्हणाली होती, "काय गं, दुधाकडे लक्ष आहे का?" मग जरा थांबून, "चालू आहे होय ते? बरं बाबा, मी गप्प बसते," आणि हसली होती. सगळं मिळून अकरा सेकंद. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, आवाज एवढाच.

"माझा टेप बिघडला रे," ताई म्हणाली. "हे फोनवर टाकून दे. मला तिचा आवाज ऐकायचाय. कसाही असला तरी चालेल."

‘कसाही’ या शब्दाने कानसेन दुखावले. "कसाही कसा चालेल, ताई? आईचं काम आहे! असं करून देतो की बघत राहशील."

आणि केलंही त्यांनी जीव ओतून, यात काडीमात्र शंका नाही. चार महिने घातले. आईवर माया होती, म्हणूनच तर सगळं नियमाने केलं.

टेपवरचा थर सुटत आला होता. अशी टेप मंद आचेवर शेकली की एकदा तरी नीट वाजते, असं मंडळाचं शास्त्र आहे. ती आठ तास ओव्हनमध्ये होती (स्वयंपाकघर तेवढा वेळ बंद; घरचे त्या दिवशी ब्रेड खाऊन राहिले). टेप खरोखरच एकदा वाजली आणि मग तिची तपकिरी भुकटी झाली. पण त्या एका फेरीत सगळं संगणकात उतरलं: चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ. कानसेनांच्या डोळ्यांत पाणी आलं. आकडा बघून.

मग त्यांनी नमुना क्रमांक चार, अशुद्धी नोंदपत्रक, भरायला घेतलं. टेपची घसघस: सर्वत्र. रेडिओची खरखर: सदतीस ठिकाणी. भांडं पडणे: एकदा. मानवी हस्तक्षेप: एक, स्त्री, अकरा सेकंद.

इथे मात्र पेन अडलं. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. तीस वर्षं दात कोरण्याच्या यंत्राशेजारी काढल्यामुळे त्यांचे कान मंडळात सर्वांत तयार समजले जात.

"मूळ ध्वनिमुद्रणात या बाई होत्या का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नव्हत्या. पण साहेब, ती आई आहे."

"कार्यवाह, नात्याने आवाजाची प्रत सुधारत नाही."

कानसेनांना पटलं. तरी त्यांनी मनाशी ठरवलं, गाणं शुद्ध करू, पण आई असलेली कच्ची फाईल बाजूला ठेवू. तेवढ्यात त्यांनाच नववं कलम आठवलं, कारण ते त्यांनीच लिहिलं होतं: शुद्ध फाईलच्या शेजारी अशुद्ध फाईल राहिल्यास तिचा दोष शुद्ध फाईलला लागतो. तेव्हा कच्ची फाईल दोन सभासदांच्या साक्षीने, उभं राहून, पुसण्यात आली.

पुढच्या सभेत गाणं पूर्ण वाजलं. मंडळाच्या इतिहासातली ही मोठीच घटना. संपल्यावर अध्यक्ष कितीतरी वेळ डोळे मिटून होते. "गाण्याचं सोडा," ते म्हणाले, "मागची शांतता ऐकलीत? वा!" कानसेनांना मानपत्र मिळालं. हेच गाणं इंटरनेटवर याहून स्वच्छ मिळतं, असं बोलून गेलेल्या एका नव्या सभासदाची उमेदवारी दोन वर्षांनी वाढवण्यात आली.

ताई आली. एवढी मोठी फाईल तिच्या फोनवर वाजेना, म्हणून कानसेनांनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं. हा मान बायकोलाही कधी मिळाला नव्हता. ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली. गाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं. दुसरं कडवं संपत आलं तशी ती पुढे सरकली, चेहऱ्यावर आधीच हसू घेऊन. कडवं संपलं. तिसरं सुरू झालं.

"थांब. मागे घे जरा."

त्यांनी मागे घेतलं. परत तेच. परत मागे घेतलं.

"अरे, आई कुठाय?"

"ताई, मागची शांतता बघ ना किती..." कानसेन म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

ताई रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर फार बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणाली, "‘लक्ष आहे का’ म्हणताना तिचा आवाज वर जायचा ना रे? की खाली? तू म्हणून दाखव ना."

कानसेनांनी तोंड उघडलं. गेल्या चार महिन्यांत ते अकरा सेकंद त्यांनी दोनशे वेळा ऐकले होते, पण कुठून कापायचं तेवढ्यासाठीच. त्यांना काहीच म्हणून दाखवता येईना. ठोकळे लाथाडून ते वायरींमध्ये खाली बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. "आता रडून काय रे," असं म्हणत ताईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मंडळाला हसणं सोपं आहे, आणि मधूनमधून तुम्ही हसलातही. पण हे वाचताना आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगत होतं. तुम्ही ‘हं, हं’ केलंत आणि वाचत राहिलात. काय सांगत होतं, आठवतंय?