दाब वाढणारच

आमच्या सिडकोतल्या कॉलनीत मे महिना लागला की चाकांतली हवा चोरीला जायची. बाकी काही नाही, फक्त हवा, आणि तीही थोडीशीच. चोर सापडला तो मलाच. वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलो होतो. जेवून गॅलरीत उभा राहिलो, तर खाली डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा माणूस माझ्या मोटरसायकलपाशी उकिडवा बसलेला, आणि चाकातून फुस्स असा आवाज.

"ओ, काय चाललंय?" मी ओरडलो.

"चोर नाय, मी सोनवणे. वरच्या मजल्यावरचा." त्यांनी मान वर न करताच सांगितलं. "हवा सकाळी गारव्यात भरली व्हय?"

"हो. मग?"

"मग आता ऊन बघा की! जागा तेवढीच, ताप वाढला, मग दाब वाढणारच. फुटलं म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली तर चाक बसलेलं. पंपापर्यंत ढकलत नेली, कामावर उशिरा पोचलो, साहेबाची बोलणी खाल्ली आणि दुपारी तावातावानं वरच्या मजल्यावर सोनवणे सरांकडे गेलो. माझी तक्रार ऐकून ते हरखलेच.

"बघा! पहाटे ताप उतरला, दाबबी उतरला. म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी खरा निघाला!"

सोनवणे सर मूळचे पिशोरचे. जन्मभर शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पण बोली गावाकडचीच ठेवली. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, फळा गेला, वायू तेवढे मागं राहिले. मग त्यांनी आम्हालाच वर्गात घेतलं. कॉलनीची सहल म्हैसमाळला गेली तेव्हा डोंगरावर वेफर्सची पाकिटं टम्म फुगली. सरांनी सगळी जप्त केली. "का फुगलं ते सांगा, मग खा." पोरं रडकुंडीला आली. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून आतली हवा हातपाय पसरते, हे सगळ्यांचं पाठ झाल्यावरच पाकिटं सुटली. तोवर भूक मेली होती.

एका उन्हाळ्यात माझ्या दोन खोल्यांत सासरची सगळी मंडळी उतरली आणि मेहुण्यांची जुंपली. सर जिन्यातूनच म्हणाले, "जागा तेवढीच, ताप वाढला..." पुढचं भांडणाऱ्यांनीच पूर्ण केलं.

या सगळ्यात सरांच्या बायकोचा, वहिनींचा आवाज कधी यायचा नाही. चहाचा कप पुढं ठेवत त्या एवढंच म्हणायच्या, "ह्यांचं लई मनावर घेऊ नका."

त्या पावसाळ्यात वहिनींच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून परतल्या तेव्हा पायरीपायरीवर थांबत होत्या. फुफ्फुसं पुन्हा नीट फुलायला हवीत, रोज फुगे फुगवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी भेटायला गेलो तर दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसून फुगे फुगवत होते. वहिनींचा लिंबाएवढा झाला होता, सरांचा आवळ्याएवढा.

"हरलो बुवा," सर धापा टाकत म्हणाले. "तुझ्यात लई दम हाय."

ते पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले, तसा मी मागोमाग गेलो. "सर, तुमचा फुगा एवढासाच?"

"माझा मोठा झाला की ती फुंकायचंच सोडती. जमत नाय म्हणती." त्यांनी माठातून पाणी घेतलं. आता नियम येणार म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "बरी व्हईल ना रं ती?"

दिवाळीला वहिनी खडखडीत बऱ्या होऊन चकल्या तळत होत्या. फुगे मात्र चालूच. एका संध्याकाळी सर दूध आणायला गेलेले बघून मी विचारलं, "वहिनी, आता कशाला?"

"डॉक्टर बी तेच म्हणले. लेकीसंगं गेले होते तपासायला. आता गरज नाय म्हणले." त्यांनी दाराकडं पाहिलं. "ह्यांना नाय सांगितलं मी. कॉलेज सुटल्यापासून ह्यांचा एवढा एकच वर्ग भरतो. त्यो बी बंद करू?"

जिन्यात चपला वाजल्या. वहिनींनी घाईघाईनं उशीखालचा फुगा तोंडाला लावला, थोडासा फुगवला आणि दम लागल्यासारखं करून खोकल्या.