केळुसकर सरांचा सोपा विषय

आमच्या युनिव्हर्सिटीत प्रत्येक प्राध्यापकाला एक खोली, एक टेबल आणि एक खुर्ची मिळते. केळुसकर सरांनी खुर्ची परत केली. परत म्हणजे काय, उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवली आणि तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवून मोकळे झाले. "बसून कुणाचं भलं झालंय, सांग बघू?" हा त्यांचा आवडता सवाल. आपण उत्तराला तोंड उघडावं तर हा माणूस जिन्यापाशी पोचलेला असतो.

एकदा हेल्थ अँड सेफ्टीवाली एक बाई सगळ्यांच्या खुर्च्यांची उंची मोजायला आली. हो, इथे असल्या कामालाही पगार असतो. सरांच्या खोलीत तिला मोजायला काही सापडेना. "मग तुम्ही काम कुठे करता?" तिनं विचारलं. "चालताना," सर म्हणाले, आणि चालू लागले. बिचारी टेप घेऊन पार्किंगपर्यंत त्यांच्यामागे पळाली आणि शेवटी त्यांच्या बुटांकडे बघून "चांगले आहेत" असं म्हणून परत आली.

मी मृणाल. मूळची पुण्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी इकडे आले आणि आता लंडनच्या उत्तरेला एका युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात टाइमटेबल लावते. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, मला नोकरी टिकवायची आहे. कुठला वर्ग कुठल्या खोलीत, एवढं बघायचं माझं काम. पण केळुसकर सर आहेत तोवर ते धड होईल तर शपथ! "अगो मृणाल, ही खोली कोंदट आहे गो." दुसरी दिली. "हिच्यात उजेड नाही." भांडून तिसरी मिळवून दिली, तर वर्ग घेऊन कालव्याच्या काठानं फिरायला गेले. मी रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून कपाळाला हात लावला. पायाला भिंगरी असलेली माणसं पाहिली होती, पण ह्यांची भिंगरी थांबतच नाही.

सर वेंगुर्ल्याचे. तरुणपणी बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. बोट बिघडून नॉर्वेच्या एका बंदरात हिवाळाभर अडकली. तिथे ते भाषा शिकले, तिथलीच बायको केली आणि समुद्र सोडून पुस्तकांत शिरले. बायकोबद्दल कुणी विचारलं की "ती तिकडेच असते" एवढं म्हणून खिडकी उघडायला जातात. उघडीच असली तर लावायला जातात. आम्ही सगळे धरून चाललो होतो की बाई नॉर्वेत राहतात. नोकरीपायी नवरा इथे आणि बायको तिथे, असे संसार इकडे पुष्कळ.

त्यांचा विषय म्हणजे स्कँडिनेव्हियन साहित्य. ऐच्छिक. आणि सोपा. किती सोपा, ते विद्यार्थ्यांच्याच तोंडून ऐका, कारण टर्म संपली की त्यांची मतं गोळा करणंही माझ्याच गळ्यात असतं. "पुस्तकं वाचायची गरज नाही, सर सगळी गोष्ट ॲक्टिंगसकट सांगतात." "चांगले बूट घ्या, बाकी काही लागत नाही." "सगळ्या गोष्टींत बर्फ, मासे आणि एकमेकांशी न बोलणारे नवरा-बायको. एवढं लिहिलं की पास." आणि जवळजवळ प्रत्येकानं लिहिलेलं एक मत: "तोंडी परीक्षा जगात सर्वांत सोपी. एका म्हाताऱ्या बाईंना एक पान वाचून दाखवायचं. त्या हात धरतात आणि केक देतात."

ही परीक्षा गावाबाहेरच्या एका केअर होममध्ये, म्हणजे आपल्याकडच्या वृद्धाश्रमात, व्हायची. तिथे बेरित नावाच्या नॉर्वेजियन आजी होत्या. सर मुलांकडून महिनाभर एक पान घोकून घ्यायचे, "अर्थाचं मग बघू रे मेल्यांनो, आधी जीभ वळवा!" असं ओरडायचे आणि मग दोघा-दोघांना बसनं आजींकडे पाठवायचे. आजींना वाचलेलं कळलं की मुलगा पास. आजवर एकही नापास नाही.

त्यामुळे वर्ग तुडुंब. आणि शेजारच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात शुकशुकाट. तिथल्या सरांच्या पोटात दुखणारच. त्यांनी तक्रार केली: हा विषय आहे की सहल? ही परीक्षक बाई कोण? तिची डिग्री काय? आमच्या विभागप्रमुख बाईंनी समिती बसवली. विषयात दम आहे असं सिद्ध झालं नाही, तर पुढच्या वर्षापासून तो बंद.

आता आली का पंचाईत! मुलांनी "सोपा आहे" म्हणावं तर विषय बंद. "अवघड आहे" म्हणावं तर पुढच्या वर्षी कोण घेणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वेम्बलीची रिया त्या वर्गात होती. इथेच जन्मलेली, पण आजीनं मराठी बोलायला लावलेलं. ती माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजली, "मावशी, आम्ही सगळे सांगणार की खूप हार्ड आहे, आम्ही रडतो. सर एकदम चांगली माणूस आहे. त्याचा क्लास गेला नाय पाहिजे."

सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्या ऑफिसात दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "खोटं बोलायचं नाही कुणी. सोपा आहे, मीच सोपा ठेवलाय."

"अहो सर, मग जरा अवघड करा की! दोन मुलं नापास करा, मिटलं."

"नापास केलं की मुलं येत नाहीत."

"नाही आली तर नाही आली! थोडी कमी येतील."

ते थांबले. खरोखर जागच्या जागी थांबले. "कमी येऊन चालणार नाही, मृणाल," एवढंच म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा स्टेपलर उगाच उचलून दुसरीकडे ठेवून निघून गेले. मला रागच आला. इथे मी ह्यांच्यासाठी जीव टाकतेय आणि हे माझा स्टेपलर हलवतायत!

समितीनं ठरवलं, कुणीतरी जाऊन ती परीक्षा डोळ्यांनी बघून यावं. प्रमुखबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जा. तुम्ही दोघं एकाच ठिकाणचे ना?" पुणं आणि वेंगुर्लं एकच ठिकाण! म्हटलं बाई, तू म्हणशील तसं.

मी आणि रिया बसनं गेलो. सर आधीच पोचले होते आणि केअर होमच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. "तुम्ही जा आत. मी इथेच बरा."

खोली लहानशी, उबदार. खिडकीशी आरामखुर्चीत आजी. कापसासारखे पांढरे केस, निळा स्वेटर, मांडीवर हात. रिया जवळ बसली आणि अडखळत पान वाचू लागली. आजींचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मध्येच त्यांनी रियाचा एक उच्चार सुधारला, दोनदा म्हणून घेतला आणि खूश होऊन तिचा गाल कुरवाळला. कुठल्या परीक्षेत परीक्षक इतका आनंदी असतो, मी तरी बघितलेला नाही.

वाचन संपलं. निघताना मी जे केलं ते काही ठरवून नाही. समोर पिकल्या केसांची बाई, निरोप घ्यायचाय, आणि कंबर आपोआप वाकली. जन्माची सवय, करणार काय! वाकता वाकताच जीभ चावली. म्हटलं, मेले आता, ह्या गोऱ्या आजी घाबरून बेल वाजवणार.

माझ्या डोक्यावर हात आला. थोपटल्यासारखा. आणि वरून आवाज आला, "औक्षवंत हो, बाळा."

मराठीत. चक्क वेंगुर्ल्याच्या हेलात.

मी वाकलेलीच राहिले. मान वर करून बघितलं तर आजी हसत होत्या, जणू काही झालंच नाही. दारात सर उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "सर, ह्या बाई कोण आहेत?"

"माझ्या आईनं शिकवलेलं ते," सर म्हणाले. "लग्नानंतर आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा. कुणी वाकलं की डोक्यावर हात ठेवायचा आणि असं म्हणायचं. बेरितला फार गंमत वाटली होती. बाकीचं मराठी गेलं. इंग्रजीही गेलं. एवढं राहिलंय, मलाही ठाऊक नव्हतं गो."

"म्हणजे ह्या तुमच्या…? तुम्ही तर म्हणता, ती तिकडेच असते!"

"खोटं कुठे बोललो? तिकडेच असते ती आता. बंदरावरच्या घरात. तिचं बोलणं इथे कुणाला कळत नाही आणि इथल्यांचं तिला कळत नाही."

"मग तुम्ही बसा ना तिच्याजवळ! तुम्हाला तर येतं सगळं!"

सर भिंतीवरचं चित्र सरळ करायला लागले. ते आधीच सरळ होतं. "मी बसलो की ती घाबरते. तिचा नवरा पंचविशीतला आहे, काळ्याभोर केसांचा. तो बोटीवर गेलाय. हा कोण म्हातारा त्याच्या आवाजात बोलतोय, असं तिला वाटतं. मग रडते. पोरं आली की नाही रडत. गावातली शाळेची मुलं आली असं समजते. म्हणून म्हटलं, कमी येऊन चालणार नाही."

मला एकदम हुंदका आला. पुण्याची मी, चारचौघांत रडायची आमच्यात पद्धत नाही, पण त्या कॉरिडॉरमध्ये मी घळाघळा रडले. माझा मेलीचा राग स्टेपलरवर होता!

समितीपुढे मी काहीच लपवलं नाही. ही त्यांची पत्नी आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांनी घसा खाकरून समोरचा तक्रारीचा कागद उलटा करून ठेवला. प्रमुखबाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत होत्या. मग म्हणाल्या, "पत्नीला परीक्षक करता येणार नाही. मार्क दुसरं कुणीतरी देईल. आणि विषय फारच सोपा आहे, हा मुद्दा राहतोच."

"राहतोच," मी म्हटलं. मला कुठून बळ आलं देव जाणे. "एका पानाची परीक्षा म्हणजे थट्टा आहे. माझं म्हणणं, प्रत्येक मुलानं टर्मभर, दर आठवड्याला तिथे जाऊन नवीन पान वाचावं. चुकवलं तर मार्क कापावेत. जरा घाम गाळू देत."

प्रमुखबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांना कळलं होतं. "हे पुष्कळच अवघड होईल," त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि सही केली.

मुलांनी बोंब मारली, हे सांगायला नकोच. "हा विषय आता सोपा राहिलेला नाही, फसवणूक आहे!" अशी मतं माझ्याकडे येऊन पडली. काही जण सोडूनही गेले. पण बरेच राहिले, आणि रिया तर परीक्षा झालेली असूनही नव्या मुलांना घेऊन जायला लागली, आणि जाऊन जाऊन तिला आजींचं बोलणंही थोडंथोडं कळायला लागलं. आता आजींच्या खोलीत आठवड्यातले पाचही दिवस कुणी ना कुणी अडखळत वाचत असतं.

परवा मीही गेले होते. पोरांसाठी बेसनाचे लाडू घेऊन, कारण त्या केकला कंटाळली असतील. तिघांचं वाचून झालं. आजींनी प्रत्येकाला हसून मान डोलावली. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवून रियाला काहीतरी विचारलं. रिया गोंधळली. "मावशी, ती विचारते, तो तिकडे कोण उभा आहे? त्याचा टर्न नाय आला का?"

दारात सर होते. त्यांनी जायला पाऊल उचललंच होतं. मी उठून त्यांचा दंड धरला. माझ्यापेक्षा वयानं एवढे मोठे, पण धरला. रियानं आपल्या हातातलं पान त्यांच्या हातात कोंबलं आणि आम्ही दोघींनी त्यांना आत ढकललं.

सर पान वाचायला लागले. सगळ्या स्कँडिनेव्हियाचं साहित्य पाठ असलेला माणूस, आणि पहिल्याच ओळीत अडखळला. दुसरीत आवाज चिरकला. तिसरीत त्यांनी चक्क एक शब्द गाळला. आजी भुवया आक्रसून ऐकत होत्या. रडल्या नाहीत. घाबरल्या नाहीत. पान संपल्यावर त्या सरांच्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिल्या आणि मग रियाकडे वाकून हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

रियाच्या डोळ्यांत पाणी होतं. "ती म्हणते, ह्या माणूसला नापास कर. म्हणजे तो नेक्स्ट वीक परत येणार."