राखेतलं बी

पावट्याच्या आमटीची दुसरी वाटी संपवून मानसिंगआबांनी ढेकर दिला, तेव्हा सून राजेश्वरीला ओट्याशी उभ्या उभ्या रडूच यायचं बाकी राहिलं. आषाढात बायको रंगूबाई गेल्यापासून आबांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. खारघरला थंडी पडली तशी तिने डिंकाचे लाडू केले, बाजरीची खिचडी केली, हुलग्याचं माडगं केलं. आबा सगळ्याला चांगलं म्हणत आणि ताट सरकवत. आज मात्र त्यांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

"ही चव आपल्या माळाची," ते म्हणाले. "दुसऱ्या पावट्याला नाय येत."

पोटात गेल्यामुळे त्यांना जरा तरतरी आली. उशीखालून त्यांनी कॅलेंडरचं पान काढलं. पार्किंगच्या भिंतीलगतची चार हात जमीन रंगूबाईने सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून मिळवली होती आणि दर थंडीत ती तिथे गावच्या बियाण्याचा पावटा लावायची. यंदा ते काम आबांकडे आलं होतं. मार्केटात चाळीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या हातांनी त्यांनी आठ दिवस खपून पानामागे नकाशा काढला होता. मेथी इथे, लसूण तिथे, भिंतीवर पावटा. बाई गेली, निदान तिचा वेल तरी राहावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"राजू, तुझ्या आत्याबाईचा डबा कुठाय गं? पिठाच्या मागचा."

"घासून पालथा घातलाय, आबा. केवढी राख होती त्यात. पावटा पाच पाण्यांनी धुतला, तेव्हा कुठे मोड..." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला, कारण आबांनी हातातला नकाशा पुन्हा दुमडायला घेतला होता.

"राखेत हाय म्हंजे बी असतंय, बाय," ते हळू म्हणाले. "खायचं दाणं राखेत कोन ठेवतंय?"

राजेश्वरी कोपरखैरण्यात वाढलेली. तिने राख पाहिली ती उदबत्तीची. "मला वाटलं," ती डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाईंच्या हातचं काहीतरी तुमच्या पोटात जाईल."

गेलं होतं. चांगलं दोन वाट्या गेलं होतं.

पातेलं रिकामं होतं. आबांनी तळोज्याला, कंपनीत असलेल्या मुलाला फोन लावला.

"सनी, डबा उघडलास का?"

"उघडला काय, संपला पण. का?"

"तळाला एखादा दाणा हाय का बघ. कच्चा ऱ्हायला असंल तर लई बरं."

"आबा, टेन्शन काय झालंय? आमच्या सुपरवायझरने रस्सा पण पिऊन टाकला. बोलला, रोज आण."

मग गावी, माण तालुक्यात धाकट्या भावाला फोन गेला. उदयसिंह आधी हसला. "पावटा? दादा, कालव्याचं पानी आल्यापासनं समद्या शिवारात डाळिंब हाय. धा वर्सांत गावात कुनी पावटा टोकला न्हाय."

आता एकच वाटी उरली होती. राजेश्वरीने ती सकाळी गावठाणात सुमित्राबाईंकडे पाठवली होती. सुमित्राबाई रंगूबाईची मैत्रीण, तीन मजली घराची मालकीण, पण अंघोळीचं पाणी अजूनही अंगणातल्या चुलीवर तापवणारी. दर थंडीत आबा पिशवीभर शेंगा घेऊन याच अंगणात उभे राहत आणि सांगत, की तुमच्या खाडीकडच्या वालाला ही चव नाही. ती मुकाट्याने शेंगा घेई.

आबा तडक तिच्याकडे गेले. आजही तिने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. "भाऊ, पानी घ्या," ती म्हणाली. "वाटी सकालीच संपली. पन तुमचे गावचा बी सात वरसांपूर्वीच मेला. ग्यालरीन पावसाचा पानी शिरला, सगला कुजला. रंगू माझे दारान येऊन रडली. मंग मी माझा वाल दिला. दिसाला दोनी सारकेच."

"त्या सालापुरता ना?"

"दर होलीला. तुमी सगल्या शेंगा लोकांना वाटता, बियाला काय ठेवता? राख पन माझेच चुलीची. तुमचे घरान गॅस हाय, राख कुठशी येल?"

सात वर्षांत हा प्रश्न आबांना पडला नव्हता.

"मला का नाय सांगितलं तिनं?"

सुमित्राबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "बोलली, त्यांचेकरं गावाचा तवराच रायलाय. तो पन गेला, असा कसा सांगू?"

म्हणजे सात थंड्या आबा या बाईच्या अंगणात उभं राहून तिचाच वाल तिला देत होते आणि वर तिच्याच वालाला नावं ठेवत होते. तेव्हा शेजारी उभी असलेली रंगूबाई पदर तोंडाला लावून खाली बघायची. ती लाजते असं त्यांना वाटायचं. ती हसू दाबत होती. आबांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता आषाढापासून अडलेलं रडू बाहेर आलं. तिरडी उचलतानाही न रडलेला माणूस परक्या अंगणात हुंदके देऊन रडला. सुमित्राबाई उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने वर्तमानपत्राची पुडी घेऊन आली.

घरी राजेश्वरी दारातच उभी होती. "आबा, मी गावाला फोन करते. काकांना सांगून..."

"कशाला? बी आलं की." आबांनी पुडी पुढे केली. "उदयसिंहानं धाडलं. एस.टी.नं."

"एवढ्यात?"

"मग. गावचं मानूस मनावर घेतलं की घेतलं. आता तू काय जिवाला लावून घिऊ नको."

राजेश्वरीने घासलेला डबा आणला आणि पुडी हातात घेतली. कागदातली राख अजून कोमट होती. तिने आबांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पुडीकडे पाहिलं.

"बरं झालं, आबा," ती म्हणाली आणि एक दाणाही न सांडता पुडी डब्यात रिकामी केली.